तीन दिवस, सतरा फुटी बोट आणि मस्कीचं तळं: कसं शोधलं, काय ठरवलं, काय झालं

आदल्या वर्षी ऑक्टोबरात मी आणि दाजी तीन दिवस सुट्टी काढून मिनेसोटातल्या मिल लॅक्स नावाच्या मोठ्या तळ्यावर गेलो आणि तीन दिवसांत मिळून पाण्यावर किती वेळ होतो तर साडेचार तास. बाकीचा सगळा वेळ केबिनच्या खिडकीतून लाटा बघत बसलो. मासा सोडाच, आमिषामागे नुसता येऊन गेलेलाही एक दिसला नाही. त्यानंतर हिवाळाभर बसून पुढची ट्रिप कशी आखली, तळं कसं निवडलं आणि सप्टेंबरात तिथे नक्की काय घडलं ते सगळं इथे सविस्तर लिहितोय, कारण इकडे अमेरिकेत मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधे आपली बरीच मंडळी आता गळ टाकायला लागलीयेत आणि मस्कीचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच येतो की जायचं कुठे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मस्की म्हणजे मस्कलंज, पाईकच्या कुळातला सगळ्यात मोठा मासा, लांबच लांब, बदकासारखं चपटं तोंड आणि आत सुयांसारखे दात. विस्कॉन्सिनचा तर हा राज्यमासा आहे. इकडे याला दहा हजार कास्टचा मासा म्हणतात, म्हणजे दहा हजारदा गळ फेकावा तेव्हा एक लागणार, आणि ते फार वाढवून सांगितलेलं नाही, कारण तळ्यात हे मुळातच कमी असतात, चांगल्या तळ्यातसुद्धा एकरामागे एक मोठा मासा निघणार नाही. त्यातून याची सवय अशी की लूअरच्या, म्हणजे गळाच्या खोट्या आमिषाच्या, मागे मागे अगदी बोटीपर्यंत येतो, बघतो आणि वळून निघून जातो. त्याला फॉलो म्हणतात. दिवसभरात दोन फॉलो आले तरी माणूस खूश होऊन घरी येतो.

आमचे दाजी सांगलीचे. लहानपणी हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर बांबूची काठी घेऊन बसायचे, त्यामुळे त्यांना पाण्याची नजर आहे, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. मिल लॅक्सहून परत येताना गाडीत तासभर काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "मोठा मासा कुठं हाय ते बघितलंस, पर आपली नाव केवढी हाय ते बघितलंस का?"

खरंच बघितलं नव्हतं. मी मिल लॅक्स का निवडलं होतं, तर 2021 च्या नोव्हेंबरात मिनेसोटाचा 1957 पासून टिकलेला मस्कीचा रेकॉर्ड तिथे तुटला, 55 पाउंड 14.8 औंस, म्हणजे पंचवीस किलोच्या वर, सत्तावन्न इंचांहून लांब. ते वाचून डोक्यात दुसरं काही येईचना. पण मिल लॅक्स म्हणजे 1,32,000 एकराची जवळजवळ गोल परात आहे, सगळ्यात खोल जागा 42 फूट, मधे आडोसा म्हणावा असं काही नाही, त्यामुळे वारा एका टोकाला सुरू झाला की दुसऱ्या टोकापर्यंत लाट वाढतच जाते आणि उथळ पाणी असल्याने ती लाट लांबट नसते, उभी असते. आमची बोट 17 फुटी अ‍ॅल्युमिनियमची, 40 हॉर्सपॉवरचं इंजिन. ताशी वीस मैलांचा वारा सुटला की त्या पाण्यावर असल्या बोटीने जायचंच नाही, यात धाडसबिडस काही नाही. रेकॉर्डवाले लोक मोठ्या बोटी घेऊन जातात आणि मुख्य म्हणजे वारा बघून त्या दिवशी जातात, त्यांना दोन महिने आधी ठरवलेली सुट्टी नसते.

आधी आपली बाजू लिहून काढली

जानेवारीत बाहेर उणे वीस असताना आम्ही एक शीट बनवलं आणि यावेळी उलटीकडून सुरुवात केली. तळ्याचं नाव शेवटी, आधी जे बदलता येणार नाही ते. बोट तीच. दिवस तीन, त्यातला पहिला अर्धा प्रवासात जाणार. दोघं जण, त्यातले दाजी साठीच्या जवळ आलेले, नऊ फुटी रॉडने जडजड लूअर दिवसाला आठ तास फेकणं त्यांच्या खांद्याला जमत नाही, चार-पाच तास जमतं. महिना सप्टेंबर, तोही गणपती झाल्यावर, कारण मंडळाच्या आरतीची आणि ढोलपथकाची जबाबदारी माझ्याकडे असते आणि अनंत चतुर्दशीच्या आधी घरातून हलणं शक्य नाही.

सप्टेंबर तसा सोयीचाच निघाला. जुलै-ऑगस्टमधे पाणी 80 फॅरनहाइटच्या वर गेलं की मस्की पकडूच नये असं इथले जाणते लोक सांगतात आणि ते पाळायला हवंच, कारण गरम पाण्यात झुंज दिलेला मासा सोडल्यावर पोहत जाताना दिसतो पण नंतर मरतो. आणि मिनेसोटात ठेवायचा नियम 54 इंचांचा आहे, म्हणजे साडेचार फुटांच्या आतला प्रत्येक मासा सोडायचाच, मग सोडायचाय तर तो जगला पाहिजे ना. सप्टेंबरच्या मध्यावर उत्तरेकडे पाणी साठ-सत्तरच्या मधे असतं, मासा खायच्या मूडमधे आणि सोडल्यावर धडधाकट.

माहिती कुठून काढली

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचं, म्हणजे डीएनआरचं, लेकफाइंडर नावाचं फुकट साधन आहे. तळ्याचं नाव टाकलं की एकर, खोली, खोलीचा नकाशा, बोट उतरवायच्या जागा, कुठल्या वर्षी कुठले मासे किती सोडले, सर्व्हेमधे काय सापडलं, सगळं येतं. गावाकडे मत्स्यबीज सोडतात तसंच इथे मस्कीची बोटभर नव्हे, चांगली वीतभर पिल्लं वाढवून शरद ऋतूत तळ्यात सोडतात, आणि बऱ्याच तळ्यांमधे मस्की आहे तो त्यामुळेच आहे.

आता इथे मी पहिल्यांदा फसलो होतो ते सांगतो. सर्व्हेच्या तक्त्यात मस्कीपुढे शून्य किंवा एक असा आकडा दिसला की मी ते तळं खोडायचो. पण तो नेहमीचा उन्हाळी सर्व्हे जाळ्यांचा असतो, वॉलाय-पर्च-नॉर्दर्न पाईक असले दुसरे मासे मोजायला केलेला, त्यात मस्की क्वचितच अडकतो. मस्कीची खरी मोजणी वसंतात अंडी घालायच्या वेळी वेगळी होते आणि ती दर वर्षी होत नाही. त्यामुळे तक्त्यातलं शून्य बघून काहीच ठरवू नका, त्याखाली लिहिलेला परिच्छेद वाचा, तिथे अधिकाऱ्याने दोन ओळी मस्कीबद्दल लिहिलेल्या असतात आणि त्या आकड्यांपेक्षा जास्त कामाच्या असतात.

दुसरं म्हणजे पिल्लं सोडल्याचा इतिहास मागे जाऊन बघायचा. मादी पन्नास इंचाची व्हायला बारा-पंधरा वर्षं सहज लागतात. म्हणजे गेल्या दोन वर्षांत किती सोडले याला आपल्या ट्रिपसाठी अर्थ नाही, दहा ते वीस वर्षांपूर्वी काय सोडलंय ते बघायचं, मधे मोठा खंड पडलाय का ते बघायचं आणि मग एकराने भागायचं. दोन तळ्यांत सारखीच पिल्लं सोडली असतील आणि एक तळं पाचपट मोठं असेल तर आमच्यासारख्या तीन दिवसवाल्यांनी लहान तळ्याकडेच बघावं.

आणि जात कुठली तेही. पूर्वी मिनेसोटात शूपॅक तळ्यातल्या मस्कीची पिल्लं सोडायचे, ती जात मुळात छोटीच राहते. 1980 च्या दशकात ते बदलून लीच लेक या तळ्यातली जात सोडायला लागले, जी चांगली मोठी होते, आणि आज मिनेसोटाचं जे नाव आहे ते त्या एका निर्णयामुळे. मला हे वाचताना लोणावळ्याची आठवण झाली, तिथे टाटा पॉवरवाले 1970 च्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवून सोडतायत. कुठला मासा, कुठल्या पाण्यातला, कुठे सोडायचा हा विचार कुणीतरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी केला म्हणून आज आपल्या हातात काहीतरी आहे.

चार नावं उरली

मिल लॅक्स, लीच लेक, व्हर्मिलियन आणि घराजवळचं मिनेटोंका.

मिल लॅक्स दाजींनीच खोडलं. मिनेटोंका घरापासून अर्ध्या तासावर, साडेचौदा हजार एकर, खाड्यांची नुसती जाळी, मस्की चांगले आहेत. पण तिथे शनिवार-रविवारी स्पीडबोटींची एवढी वर्दळ की मुंबईचा हायवे बरा, आणि घराजवळ असलं की ट्रिप होत नाही हो, दुपारी घरून फोन येतो आणि माणूस परत जातो. ते आम्ही संध्याकाळच्या दोन-दोन तासांसाठी ठेवलं आणि सरावाला फार उपयोगी पडलं.

लीच लेकवर मात्र आमचा दोन आठवडे वाद चालला. ते या माशाचं खरं माहेर, पिल्लं न सोडता पिढ्यान्‌पिढ्या असलेला मस्की, आणि 1955 च्या जुलैमधे तिथे कडक उन्हात, वारा बंद असताना काही दिवसांत शेकड्यांनी मस्की लागले होते, ती गोष्ट इथे अजून सांगतात. मला जायचं होतं. पण तेही लाख एकराच्या वर, मोठा भाग उघडा, म्हणजे वाऱ्याचा प्रश्न परत तोच. खाड्या आहेत, तिथे लपता येतं, पण वारा फिरला तर ट्रेलरवर बोट चढवून दुसऱ्या बाजूला जायचं आणि त्यात अर्धा दिवस गेला.

व्हर्मिलियन उत्तरेला, टॉवर गावाजवळ, आमच्या घरून ट्रेलरसकट पावणेचार-चार तास. जवळजवळ 40,000 एकर, म्हणजे तेही काही लहान नाही, पण आकार बघितला की फरक कळतो, नकाशावर शाई सांडून पसरल्यासारखं दिसतं, साडेतीनशेच्या वर बेटं, वाकडेतिकडे किनारे, वारा कुठूनही आला तरी कुठल्यातरी बेटाच्या आड जागा आहेच. लीच लेकची जात तिथे 1980 च्या दशकापासून सोडलेली. मोठ्या मस्कीला लागणारं खाद्य म्हणजे सिस्को नावाचा चरबीदार मासा, तोही तिथे भरपूर. वाईट बाजू दोन, एक तर पाण्याखाली जागोजागी खडक, प्रोपेलर गेलाच समजा, आणि दुसरं म्हणजे मासेमारीचा दबाव, तिथला मस्की रोज शंभर लूअर बघतो.

नाव तर फारच सुंदर. ओजिब्वे लोकांच्या भाषेत ते मावळतीच्या लाल झळाळीचं तळं, फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्याचं व्हर्मिलियन केलं, म्हणजे आपला शेंदूर. दाजींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग शेंदरी तळ्यालाच जाऊया, दुसरं काय बघू नको." ठरलं.

तळ्यातलं तळं

चाळीस हजार एकर तीन दिवसांत कोण बघणार? म्हणून पूर्वेकडचाच भाग घ्यायचा, बिग बे आणि आसपास, पश्चिमेकडच्या वेकमप खाडीकडे फिरकायचंसुद्धा नाही असं लिहूनच ठेवलं. मग खोलीच्या नकाशावर अशा जागा शोधल्या जिथे खोल पाण्यातून एकदम उथळा वर येतो, आणि उपग्रहाच्या उन्हाळ्यातल्या चित्रांत किनाऱ्याजवळ गडद हिरवा पट्टा दिसतो, म्हणजे पाणगवत, ज्याला इथे कॅबेज म्हणतात. वाऱ्याच्या चार दिशा लिहिल्या आणि प्रत्येक दिशेला आमच्या बोटीला सुरक्षित अशा चार-पाच जागा. ही सगळ्यात कामाची गोष्ट झाली, सकाळी उठून हवामान बघायचं आणि त्या पानावर बोट ठेवायचं, चर्चा नाही.

लॉजवाल्याला फोन करून तीन गोष्टी विचारल्या, धक्क्याला रात्री बोट बांधता येते का, ट्रोलिंग मोटरच्या, म्हणजे बोट हळू सरकवायच्या छोट्या विजेच्या मोटरच्या, बॅटऱ्या चार्ज करायला तिथे वीज आहे का, आणि धक्क्यापासून पहिल्या उथळ्यापर्यंत जायला किती वेळ. केबिनमधे काय काय आहे ते नाही विचारलं. रोज बोट काढायची-घालायची वाचली की दिवसाचा दीड तास वाचतो. निघताना बोटीचा ड्रेन प्लग काढून रिकामी करायची, गवताची काडीही न्यायची नाही, हा इथला कायदाच आहे, एका तळ्यातली घाण दुसऱ्यात जाऊ नये म्हणून, तर त्यालाही वेळ धरून ठेवला.

प्रत्यक्षात काय झालं

गुरुवारी दुपारी दोनला बोट पाण्यात. पाणी 66 डिग्री. आणि लगेच पहिली चूक, माझीच. मी नकाशावर सव्वीस खुणा करून ठेवल्या होत्या आणि सगळ्या बघायच्या नादात एका जागेवर वीस मिनिटं, दुसरीवर पंधरा, असं नुसतं इंजिन पळवत राहिलो. त्यात उपग्रहाच्या चित्रातला जो सगळ्यात मोठा हिरवा पट्टा होता तिथे गेलो तर गवत तपकिरी होऊन आडवं पडलेलं, चित्र जुलैचं आणि आम्ही सप्टेंबरात. मेलेल्या गवतात मस्की राहत नाही. एक फॉलो आला, तोही लांबूनच वळला. संध्याकाळी दाजींनी वही मागितली, सव्वीसपैकी सात खुणा ठेवल्या आणि बाकीच्यांवर काट मारली.

शुक्रवारी वायव्येचा वारा, झोत पंचवीस मैलांपर्यंत. मिल लॅक्सवर असतो तर परत खिडकीच. इथे पान उघडलं, तीन बेटांच्या आडची जागा, एका बाजूला खडकाचा उथळा आणि त्याला लागून अजून हिरवं असलेलं कॅबेज, आणि दिवसभर तीच एक जागा धरली. सकाळी दोन फॉलो. दुपारी दाजींना केबिनवर सोडलं, ते झोपले, मी एकटाच बोट धक्क्याला लावून लूअरचे हुक घासत बसलो. साडेपाचला परत त्याच जागी, कारण सकाळी ज्याने फॉलो केला तो मासा कुठे गेलेला नसतो, तो तिथेच असतो, फक्त त्याची वेळ यावी लागते. सूर्य मावळायच्या आधीचा पाऊण तास आम्ही त्याच्यासाठी राखून ठेवला होता.

पावणेसातच्या सुमाराला दाजींनी काळा बकटेल फेकला, म्हणजे केसांच्या झुपक्याचा लूअर, दोन मोठ्या पितळी पात्यांचा, आणि गवताच्या कडेने आणला. बोटीपासून सात-आठ फुटांवर पात्यांच्या मागे पाणी नुसतं काळं झालं. मला आधी वाटलं ढगाची सावली. मग कल्ले दिसले, पांढरट कडा असलेले, आणि मग डोळा, आणि तो डोळा लूअरवर नव्हता, आमच्या बोटीकडे होता असं मला आजही वाटतं. दाजींनी रॉडचं टोक फूटभर पाण्यात घातलं आणि आठचा आकडा काढायला घेतला, ज्याला फिगर एट म्हणतात, रुंद वळण, वळणावर थोडा वेग. पहिलं वळण, मासा मागे. दुसरं वळण, मासा खाली गेला, दिसेना. मी म्हणणार होतो गेला, पण दाजी थांबले नाहीत, तिसऱ्या वळणावर खालून सरळ वर आला आणि रॉड अर्धा पाण्यात गेला. दोरी 80 पाउंडाची वेणीची आणि पुढे दातांनी तुटू नये म्हणून जाड लीडर, त्यामुळे तुटायची भीती नव्हती, भीती ती फक्त हुक निसटायची. दोन-तीन मिनिटांत जाळ्यात.

जाळं पाण्यातच ठेवलं. लांब पक्कडीने एक हुक निघाला, दुसरा खोल होता तर कटरने हुकच कापला, लूअर गेला तरी चालतो. 46 इंच. फोटोसाठी वर काढला तो दाजींनी एक श्वास रोखून धरला तेवढाच वेळ, आडवा, दोन हातांवर, तान्ह्या बाळासारखा. मग शेपटीच्या मुळाला धरून ठेवला, म्हणजे दाजी बोटीत गुडघ्यावर आणि मासा पाण्यात, आणि मिनिटभराने त्याने अशी शेपटी मारली की दाजींचा चष्मा भिजला. ते काही बोलले नाहीत. हात पाण्यातच ठेवून थोडा वेळ बसून राहिले, आणि मी पण त्यांना हाक मारली नाही.

शनिवारी थंड हवा आली, आभाळ धुतल्यासारखं निळं, वारा बंद, आणि तळं अगदी बंद दारासारखं. सहा तासांत काही नाही. त्याच सात जागा फिरलो, शेवटच्या तासात खोल कडेने एक फॉलो, बस. दुपारी बोट काढली, प्लग काढला, गवत वेचलं आणि निघालो.

हिशोब असा: पाण्यावर साधारण अठरा तास, आदल्या वर्षीच्या चौपट. चार फॉलो, एक मासा. इंजिन पळवण्यात गेलेला वेळ पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं, आणि मासा दुसऱ्या दिवशी मिळाला.

यंदाच्या शीटमधे दोन रकाने वाढवलेत, एक म्हणजे उपग्रहाचं चित्र कुठल्या महिन्याचं आहे आणि दुसरा म्हणजे दोन मैलांच्या आत किती जागा आहेत. लीच लेकचा एक कोपरा, वॉकर गावाच्या बाजूचा, परत यादीत आलाय, मीच घातलाय, आणि दाजी रोज सकाळी तिथला वारा बघून मला पाठवतात, अजून गणपतीला अडीच महिने आहेत तरी.